टोचण्याचा बाऊ

सुई न टोचता गरोदर बाईचा मधुमेह ओळखणारे यंत्र आले, अशी बातमी दर दोन-तीन वर्षांनी कुठून ना कुठून येते. कधी ते बोटावर प्रकाश टाकून साखर मोजते, कधी हाताच्या त्वचेची चमक वाचते, कधी त्याला नुसता श्वास किंवा लाळेचा थेंब पुरतो. बातमीच्या शेवटी एक वाक्य ठरलेले असते: ग्रामीण भारतासाठी हे वरदान ठरेल. तेव्हा पारखायला ग्रामीण भारतातलेच एक गाव घेऊ. भंडारा शहराच्या पश्चिमेला, नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गालगत शहापूर आहे. भोवती धानाची शेती, पुढे जवाहरनगरची आयुध निर्माणी, आणि जिल्हा रुग्णालय ऑटोने गाठता येईल इतके जवळ. हा काही दुर्गम पाडा नाही, आणि म्हणूनच मी हे गाव निवडले. इथे गर्भवतीची साखर तपासायची राहून जात असेल, तर ती सुईमुळे राहते का? माझे म्हणणे असे की सुई हा या वाटेवरचा सर्वांत छोटा काटा आहे. तो काढण्यासाठी जगभर एवढी अक्कल आणि पैसा खर्च होतो आहे, आणि मोठे काटे तसेच पडून आहेत.

आधी हा आजार काय आहे ते पाहू, कारण वादाचे मूळ तिथेच आहे. गर्भाबरोबर वाढणारी वार काही संप्रेरके सोडते आणि त्यांच्यामुळे आईच्या शरीरात इन्सुलिनचा जोर चालेनासा होतो. निसर्गाचा हेतू सरळ आहे: आईच्या रक्तात साखर जरा जास्त वेळ राहावी, म्हणजे बाळाला मिळेल. बहुतेक बायकांचे स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवून तोल सांभाळते. ज्यांचे सांभाळत नाही, त्यांची साखर साधारण सहाव्या महिन्यापासून चढू लागते. कोपनहेगनच्या योर्गन पेडरसन यांनी १९५०च्या दशकात पुढची साखळी मांडली. आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचे इन्सुलिन जात नाही. म्हणून बाळाचे स्वादुपिंड स्वतःच जादा इन्सुलिन बनवू लागते, आणि बाळ चरबीने भरते. त्यातून प्रसूतीत खांदे अडकणे, सिझेरियन, जन्मल्यावर बाळाची साखर एकदम खाली जाणे, असे प्रसंग ओढवतात. या सगळ्यात आईला मात्र काहीही जाणवत नाही. तहान, थकवा, वारंवार लघवी या गोष्टी गरोदरपणात तशाही असतात. म्हणजे त्रास झाला की दाखवू, हा नेहमीचा शिरस्ता इथे उपयोगाचा नाही. तपासल्याशिवाय कळणारच नाही.

न टोचता तपासणी ही कल्पना नवी आहे असे समजायचे कारण नाही. लघवीला मुंग्या लागतात ही खूण आपल्याकडे शतकानुशतके ठाऊक आहे, आणि विसाव्या शतकात बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात लघवी तापवून रंग हिरवा होतो की विटकरी, हे पाहत डॉक्टरांच्या पिढ्या गेल्या. अजूनही दवाखान्यात लघवीची पट्टी बुडवतात. ही तपासणी न टोचणारी, स्वस्त आणि झटपट आहे. आणि गरोदरपणात नेमकी तीच दगा देते. एरवी रक्तातली साखर १८० मिलिग्रॅमच्या आसपास गेली की मूत्रपिंडे ती लघवीत सोडू लागतात. गरोदरपणात मूत्रपिंडांतून रक्त गाळण्याचा वेग जवळपास दीडपट होतो, आणि रक्तातली साखर अगदी ठीक असतानाही थोडी साखर लघवीत उतरते. उलट, १५० ही साखर बाळाला त्रासदायक ठरू शकते, पण लघवीत ती दिसेलच असे नाही. निरोगी बाईला धास्ती आणि आजारी बाईला दिलासा, असा हा उलटा न्याय. नव्या यंत्रांकडे वळण्यापूर्वी हे ध्यानात असावे, कारण त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची अडचण याच जातीची आहे: ती साखर मोजत नाहीत, साखरेच्या सावलीसारखे काहीतरी मोजतात.

त्वचेची चमक वाचणारे यंत्र घ्या. साखर प्रथिनांना चिकटून जे पदार्थ बनतात ते त्वचेतल्या तंतूंत वर्षानुवर्षे साठतात आणि ठरावीक प्रकाशात चमकतात. जुना मधुमेह हुडकायला ही युक्ती बरी; पण गर्भावस्थेतला मधुमेह काही आठवड्यांत उद्भवतो, आणि इतक्या थोड्या काळाची नोंद त्वचेत ठळक कशी होणार? श्वासातल्या ॲसिटोनचे तसेच. गरोदर बाई रात्रीचे जेवण चुकली तरी तिच्या श्वासात ते वाढते, कारण त्या काळात शरीर चरबी लवकर जाळायला घेते. उरला थेट प्रकाशाने साखर मोजण्याचा मार्ग. इथे अडचण भौतिकशास्त्राची आहे. शंभर मिलिलिटर रक्तात साखर साधारण शंभर मिलिग्रॅम, म्हणजे हजारात एक भाग. पाणी, चरबी आणि प्रथिनांच्या गर्दीतून तेवढ्या भागाचा क्षीण संकेत वेगळा काढायचा, तोही त्वचेची जाडी, घाम, तापमान, बोट किती दाबले आहे हे सगळे बदलत असताना. रंगाचा प्रश्न आणखी वेगळा. बोटाला लावून प्राणवायू मोजणारे ऑक्सिमीटर आपल्या घराघरांत कोविडमध्ये पोचले. हे प्रकाशाचे सर्वांत मुरलेले तंत्र. पण २०२०च्या डिसेंबरात अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत कृष्णवर्णीयांमधली प्राणवायूची छुपी कमतरता ते जवळपास तिप्पट वेळा हुकवते. गोऱ्या हातांवर जुळवलेले साखरेचे यंत्र श्रावणात दिवसभर बांधीत उभे राहून रोवणी करणाऱ्या हातावर काय दाखवील, हे तिथे तपासल्याशिवाय कुणी सांगू नये. अमेरिकेत २००१ मध्ये मान्यता मिळालेले ग्लुकोवॉच हे मनगटी घड्याळ सूक्ष्म विद्युतप्रवाहाने त्वचेतून द्रव ओढून साखर मोजत असे. त्वचा चुरचुरायची, आणि मेळ घालायला बोट टोचावेच लागायचे. ते बाजारातून गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नागरिकांना बजावले की त्वचा न भेदता साखर मोजतो म्हणणाऱ्या एकाही घड्याळाला वा अंगठीला आम्ही मान्यता दिलेली नाही, त्यांवर विसंबू नका. ऑनलाइन दुकानांत ती घड्याळे तेव्हाही मिळत होती.

पण समजा, उद्या असे यंत्र निघाले की ते न टोचता साखर अगदी बिनचूक सांगते. तरी काय होईल? गर्भावस्थेतला मधुमेह ठरतो तो कुठल्याही क्षणीच्या साखरेवरून नाही. शरीराला साखरेचा भार देऊन ते तो कसा पेलते यावरून तो ठरतो. बॉस्टनमध्ये ओ'सलिव्हन आणि महान यांनी १९६४ मध्ये याचे निकष बसवले तेव्हा १०० ग्रॅम ग्लुकोज पाजून तीन तास रक्त घेतले होते. आज आपल्याकडे ७५ ग्रॅम पाजून दोन तासांनी एकदा घेतात. चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या आणि सहकाऱ्यांनी रुजवलेली ही पद्धत केंद्र सरकारच्या २०१४च्या आणि २०१८ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांत आहे. बाई उपाशी असो वा जेवून आलेली, ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचे, दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर पाहायची, १४० किंवा जास्त आली तर मधुमेह धरायचा. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. पहिली तपासणी नोंदणीच्या वेळी, दुसरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान, दोहोंत किमान चार आठवड्यांचे अंतर. या साऱ्या खटाटोपात बोटाला सुई लागते तो क्षण शेवटचा. न टोचणारे यंत्र फक्त तो क्षण वाचवते. गोडमिट्ट पाणी, मळमळ, दोन तासांचे बाकावर बसणे आणि दुसऱ्यांदा येणे, हे सगळे जसेच्या तसे राहते.

आता शहापुरातल्या गर्भवतीच्या जागेवरून पाहा. नोंदणीला आली की हिमोग्लोबिन, रक्तगट, एचआयव्ही, सिफिलिस यांसाठी तिचे रक्त घेतले जाते. भंडारा सिकलसेलच्या पट्ट्यातला जिल्हा, म्हणून तीही तपासणी असते. धनुर्वाताचे इंजेक्शन दंडात घ्यायचेच असते. इतके टोचून घेणारी बाई साखरेच्या एका थेंबासाठी पाठ फिरवील, हे मला तरी पटत नाही. ती पाठ फिरवते दोन तासांकडे. रोवणीच्या दिवसांत बायांचे गट गुत्त्याने काम घेतात. एक बाई गैरहजर राहिली की तिचा रोज बुडतोच, शिवाय गटाचे काम रेंगाळते. आणि दुसरी तपासणी नेमकी सहाव्या-सातव्या महिन्यात येते. पहिलटकरीण सातव्यातले डोहाळजेवण आटोपून माहेरी जाते. सासरच्या आशाताईच्या वहीतून तिचे नाव निघते आणि माहेरच्या आशाताईच्या वहीत चढायला वेळ लागतो. त्या फटीत २८वा आठवडा उलटून जातो. या फटीवर कोणत्या प्रकाशकिरणाचा इलाज आहे? इलाज आहे तो कामाच्या क्रमाचा. बाई केंद्रावर आल्या आल्या आधी ग्लुकोजचे पाणी द्यावे, घड्याळाची वेळ कार्डावर लिहावी, आणि मग वजन, रक्तदाब, पोटाची तपासणी, आहाराची चर्चा, गोळ्यांचे वाटप हे सारे त्या दोन तासांत उरकावे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, तेव्हा तसेही थांबावेच लागते. याला नवे यंत्र लागत नाही. ग्लुकोजची पुडी, मुदतीतल्या पट्ट्या आणि पहिल्या दहा मिनिटांत पाणी हाती देणारी सिस्टर एवढे पुरते.

यावर पहिला आक्षेप येतो तो काटकसरीचा. सगळ्यांनाच का पाजायचे? वजन, वय, घरातला मधुमेह विचारून संशयित तेवढ्या निवडाव्या; ही निवडसुद्धा न टोचता होते. इस्रायलमध्ये ५,८८,६२२ गर्भारपणांच्या संगणकीय नोंदींवरून केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात नऊ प्रश्नांच्या उत्तरांवरूनही बऱ्यापैकी अंदाज बांधता आला. न टोचण्याच्या साऱ्या वाटांत ही मला सर्वांत गंभीरपणे घेण्याजोगी वाटते. अडचण अशी की त्या अंदाजाचा मोठा आधार मागच्या तपासण्यांचे निकाल हाच होता. ज्या बाईची मागच्या खेपेला साखर पाहिलीच नाही, तिच्याबाबत तो आधार कुठून आणायचा? शिवाय वजन हा निकष आपल्याकडे फसवा आहे, आणि हे पुण्यातूनच सिद्ध झाले. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गर्भवतींचा अभ्यास चालवला. त्या आयांचा सरासरी शरीरभार निर्देशांक १८च्या आसपास, म्हणजे काटक म्हणाव्या अशाच. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांची साडेतीन किलोची. तरी या लहानग्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने राखलेली. वरून बारीक, आतून चरबीचे. हीच ठेवण पुढे मधुमेहाकडे ओढते. लठ्ठ तेवढी तपासायची हा नियम धानपट्ट्यात लावला, तर जिला खरेच तपासायला हवे तिलाच आपण घरी पाठवू. तमिळनाडूतल्या मोठ्या पाहणीत शेषय्यांच्या गटाला शहरात १७.८ टक्के, निमशहरी भागात १३.८ टक्के आणि खेड्यांत ९.९ टक्के गर्भवतींना हा मधुमेह आढळला होता. खेड्यातले प्रमाण कमी खरे, पण दहांत एक ही सोडून देण्याजोगी गोष्ट नव्हे.

कुणी म्हणेल, न टोचणारे यंत्र निदानासाठी नकोच, आधीची चाळणी म्हणून वापरा. मग हिशेब मांडू. हजार गर्भवतींपैकी शंभर जणींना मधुमेह आहे असे धरा, आणि यंत्र ८० टक्के आजारी अचूक पकडते, ८० टक्के निरोगी अचूक सोडते असे उदारपणे माना. ते ८० जणींना पकडील. ९०० निरोगी बायांपैकी १८० जणींनाही बोट दाखवील. म्हणजे २६० जणींना पुन्हा बोलावून तेच गोड पाणी पाजायचे, पुन्हा दोन तास बसवायचे. आणि २० आजारी बायांना यंत्राने 'तुम्ही ठीक' असे सांगितलेले असेल. त्या २० जणी ही माझ्या मते या पद्धतीची खरी किंमत आहे, कारण तपासणीच न झालेली बाई निदान सावध राहू शकते. यंत्राने हिरवा दिवा दाखवलेली बाई आणि तिची सिस्टर दोघी निर्धास्त होतात. राहिला प्रश्न २६० जणींच्या दुसऱ्या फेरीचा. एकाच फेरीत निकाल लावणारी पद्धत हाताशी असताना मुद्दाम दोन फेऱ्यांची पद्धत आणायची, हे रोजंदारीवरच्या बाईच्या सोयीचे कसे?

हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर, म्हणजे एचबीए१सी, हाही एक सुटसुटीत पर्याय सुचवला जातो: रक्त लागते, पण उपास नको, थांबणे नको. ज्या भागात रक्तक्षय घरोघरी आहे आणि सिकलसेल रक्तात आहे, तिथे तांबड्या पेशींचे आयुष्यच बदललेले असते, आणि ही चाचणी तर त्या आयुष्यावरच उभी आहे. भंडाऱ्यापुरता हा पर्याय मी बाजूला ठेवतो.

सर्वांत खरा आक्षेप मात्र उपाशी न राहता करायच्या चाचणीवरच आहे, आणि तो झटकून टाकणे अप्रामाणिक होईल. चेन्नईतच डॉ. व्ही. मोहन यांच्या गटाने २०१४ मध्ये एकाच बाईची दोन्ही प्रकारे तपासणी करून पाहिली. उपाशीपोटीच्या पूर्ण चाचणीत सापडलेल्यांपैकी जेवून केलेल्या चाचणीत जेमतेम चौथा हिस्सा सापडला. हा आकडा बोचणारा आहे. हातातल्या ग्लुकोमीटरचीही मर्यादा आहे: आंतरराष्ट्रीय मानक १५ टक्के चूक चालवून घेते, म्हणजे १४०च्या जागी ते १२० दाखवू शकते किंवा १६०. पण दुसरी बाजूही पाहायला हवी. पंचवीस हजारांवर गर्भवतींच्या हापो अभ्यासाने २००८ मध्ये दाखवले की साखर वाढते तसा धोका चढत जातो. इथून पुढे आजार, अशी पायरी कुठेच नाही. रेघ माणसांनी आखलेली आहे. न्यूझीलंडमध्ये चार हजारांवर बायांवर दोन रेघांची तुलना झाली, २०२२ मध्ये निकाल आला: खालच्या रेघेने १५.३ टक्के बायांना मधुमेही ठरवले, वरच्या रेघेने ६.१ टक्के, पण मोठ्या आकाराची बाळे दोन्हीकडे सारखीच. म्हणजे सौम्य साखरेच्या बाया निसटल्या तर आकाश कोसळत नाही. ऑस्ट्रेलियातल्या हजार बायांच्या २००५ च्या प्रयोगात मात्र उपचार घेतलेल्या गटात बाळांची गंभीर गुंतागुंत एक टक्का, नेहमीच्या देखभालीतल्या गटात चार टक्के होती; तेव्हा शोध सोडून द्यावा असेही नाही. मला यातून निघणारा अर्थ असा: उपाशीपोटीची चाचणी जास्त नेमकी आहे, आणि जिथे बाई सकाळी न खाता खात्रीने येऊ शकते तिथे तीच करावी. पण उपाशी या म्हटल्यावर जी येणारच नाही, तिच्यासाठी नेमकेपणा शून्य आहे. शहापूर जिल्हा रुग्णालयाच्या टप्प्यात आहे, म्हणून केंद्रावर १२० ते १४० च्या दरम्यान आलेल्या बाईला उपाशीपोटी भंडाऱ्याला पाठवणे हा मधला मार्ग मला व्यवहार्य वाटतो. सरकारी सूचनांत तो नाही. हे माझे मत आहे.

मग न टोचणाऱ्या तंत्राला जागाच नाही का? आहे, पण चाळणीत नाही, निदानानंतर आहे. मधुमेह ठरलेल्या बाईला आधी आहार आणि चालणे सांगतात. दोन आठवड्यांत जेवणानंतरची साखर १२०च्या खाली आली नाही तर मेटफॉर्मिन किंवा इन्सुलिन. तिन्ही वेळ भात असलेल्या घरात आहार सांभाळणे म्हणजे काय, हे तिला रोज आकड्यांत दिसायला हवे: मुठीएवढा भात आणि वाटीभर वरण घेतले तर काय होते, ताटभर भाताने काय होते. नीट देखरेख ठेवायची तर दिवसातून चार वेळा बोट टोचावे लागते, प्रसूतीपर्यंत. दोन-अडीच महिन्यांत अडीचशे-तीनशे टोचण्या होतात, आणि प्रत्येकीला एक पट्टी लागते. इथे सुई खरोखर जाचक आहे, इथे थोडी चूक खपते कारण पाहायचा असतो कल, आणि इथे दंडाला लावायचा संवेदक आजच उपलब्ध आहे. त्याची बारीक तार त्वचेखाली राहते, म्हणून तो पुरता न टोचणारा म्हणता येणार नाही, महागही आहे. संशोधकांनी आणि सरकारने न टोचण्याचा ध्यास घ्यायचाच, तर हा संवेदक स्वस्त करण्याचा घ्यावा.

आणि एक तपासणी अशी आहे जी टोचून काय, न टोचून काय, सर्रास राहून जाते. हा मधुमेह झालेल्या बाईला पुढे कायमचा मधुमेह होण्याची शक्यता इतरांच्या मानाने सात ते दहा पट असते. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा ग्लुकोज पाजून पाहावे, असे सूचनांत आहे. त्याच सहाव्या आठवड्यात बाळाची लस असते. बाळ लसीला येतेच, आई त्याला घेऊनच येते. तिच्या हातात त्या वेळी ग्लुकोजचा पेला द्यायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. हे वाचणाऱ्यांच्या घरात कुणी गर्भवती असेल तर तिचे माता-बाल संरक्षण कार्ड उघडा. ग्लुकोज पिऊन दोन तासांनीची साखर त्यावर दोनदा लिहिलेली असायला हवी. नसेल तर पुढच्या तपासणीला मागून घ्या, आणि ती माहेरी निघाली असेल तर कार्ड पिशवीत आहे ना, तेवढे पाहा.